साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब

१९१२ साली मुंबईत जे. पी. ऑर यांनी वस्त्यांमधल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिलं. ऑर डॉक्टर नव्हते. ते बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष होते. रस्ते काढणं, जागा ताब्यात घेणं, जुन्या चाळी पाडणं आणि नव्या बांधणं हे त्यांचं काम. त्यांचा सगळा आग्रह एका कोनावर होता : साडेत्रेसष्ट अंश. तळमजल्यावरच्या खिडकीपासून या कोनात एक तिरकी रेघ वर काढायची आणि समोरच्या इमारतीचं डोकं त्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही. शाळेतली त्रिकोणमिती थोडी शिल्लक असेल, तर या कोनाचं महत्त्व लगेच कळेल. त्याचा टॅन दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी हवी. इमारत चोवीस मीटरची असेल तर बारा मीटर.

आता गोवंडीला या. नटवर पारेख कंपाउंड, शेजारच्या मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या उठवल्या, त्यांना इथे पक्क्या इमारतींत आणून बसवलं. सात-आठ मजल्यांच्या इमारती, आणि दोन इमारतींमधलं अंतर जागोजागी जेमतेम तीन मीटर. ऑरसाहेबांची रेघ इथे काढायची तर ती ८३ अंशांत, जवळजवळ सरळ आभाळाकडे काढावी लागेल. तळमजल्यावरच्या माणसाला आभाळ बघायचं तर खिडकीतून मान बाहेर काढून वर करावी लागते, आणि वरून कोण काय टाकेल याचा नेम नसल्यामुळे शहाणा माणूस तसं करत नाही.

‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी मिळून मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या अशा तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. घरोघरी जाऊन क्षयरोगाची चौकशी केली आणि त्याच घरांमध्ये ऊन किती येतं, हवा किती खेळते याचा हिशेब मांडला. इमारती एकमेकींना जिथे जास्त खेटून होत्या, खालच्या मजल्यांवर जिथे ना ऊन पोचत होतं ना वारा, तिथे क्षयाचा भार जास्त होता. झोपडपट्टीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाच्या वाट्याला पक्क्या भिंतींसोबत हेही आलं.

घरातल्या हवेबद्दल बोलताना आपण लगेच सवयींकडे वळतो. खिडक्या उघडा, उदबत्ती कमी लावा, तुळस ठेवा. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या अशा सल्ल्यांवर चालतात. सल्ले अगदीच वाईट नाहीत. पण त्यांत एक गृहीतक लपलेलं असतं की, हवा ही घरात राहणाऱ्याच्या हातातली गोष्ट आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. घरातली हवा बऱ्याच अंशी इमारतीचा नकाशा मंजूर होतो त्या दिवशीच ठरून जाते. त्या मंजुरीच्या टेबलावर जो निर्णय होतो त्याला आपण ‘बांधकाम परवानगी’ म्हणतो आणि आरोग्य खात्याशी त्याचा काही संबंध आहे हे विसरतो. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो निर्णय त्या घरातल्यांच्या फुप्फुसांत मुरत राहतो.

मुंबईला हे एकेकाळी माहीत होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. शहर पार हादरलं, गिरण्या ओस पडल्या, आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. त्यामागचा विचार असा होता की, कोंदट घरातली दूषित हवा हीच रोगाचं मूळ. विचार चुकीचा होता. प्लेग हवेतून नव्हे, उंदरांवरच्या पिसवांमधून पसरत होता, आणि ऑर यांनी व्याख्यान दिलं तोवर ते सिद्धही झालं होतं. तरीही त्यांनी कोनाचा आग्रह सोडला नाही, कारण शहराला प्लेगपेक्षा शांतपणे पोखरणारा दुसरा रोग त्याच खोल्यांमध्ये होता. प्लेगच्या बाबतीत फसलेला नियम क्षयाच्या बाबतीत अचूक ठरला. ट्रस्टनं गरिबांना बेघर करताना फार दयामाया दाखवली नाही, पाडलं त्या मानानं बांधलं कमी, हे सगळं खरं. त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. पण उजेड आणि वारा या गोष्टींना आकड्यात बांधता येतं आणि तो आकडा मालकावर सक्तीचा करता येतो, एवढी समज त्या संस्थेला होती.

मग ही समज गेली कुठे? यामागची गोष्ट मला फार उद्बोधक वाटते, कारण ती एका चांगल्या शोधातून सुरू होते.

औषध नव्हतं तोवर क्षयावर उपाय म्हणजे हवापालट. ज्यांना परवडायचं ते पाचगणीला जात; डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये तिथे बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनिटोरियम उभं राहिलं. लांबलचक व्हरांडे, मोठमोठ्या खिडक्या, उन्हात टाकलेल्या खाटा. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, पाठोपाठ आयसोनियाझिड आलं. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला, ज्यानं जगाचं क्षयविषयक धोरण बदललं. शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं. चांगलं खाणं, विश्रांती, शुद्ध हवा. दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधं दिली. वर्षभरानं पाहिलं तर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही.

हा निकाल भारतासारख्या देशासाठी वरदान होता. लाखो रुग्णांना खाटा कुठून आणणार? सॅनिटोरियमं हळूहळू बंद पडली किंवा साधी रुग्णालयं झाली. पण या निकालातून आपण एक धडा नको तितका ताणला. गोळी असल्यावर हवेचं काय एवढं, असा तो धडा. मद्रासच्या प्रयोगानं सिद्ध केलं ते इतकंच की, निदान झालेला आणि औषध सुरू झालेला रुग्ण घरी राहूनही बरा होतो आणि लवकरच इतरांना धोकादायक राहत नाही. निदान होण्याआधीच्या आठवड्यांबद्दल आणि महिन्यांबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही. खोकला आहे, सिगारेटमुळे असेल, पावसाळ्यामुळे असेल, गल्लीतल्या डॉक्टरकडून दोनदा अँटिबायोटिक झालं, कामावर खाडा परवडत नाही : लागण पसरते ती याच काळात, आणि या काळात गोळीचा काहीच उपयोग नसतो. तेव्हा त्या माणसामध्ये आणि त्याच्या लेकरांमध्ये उभी असते ती फक्त खोलीतली हवा.

ही हवा किती महत्त्वाची हे बाल्टिमोरच्या रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं. क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळकांड्यांतून वर नेऊन त्यांनी ती गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांचा आणि प्राण्यांचा दुसरा काही संबंध नव्हता, तरी प्राण्यांना क्षय झाला. खोकल्यातून, बोलण्यातून उडालेले अतिसूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि दूरच्या माणसाच्या छातीत जातात. साधे उपाय दोनच : ती हवा बाहेर जाऊन नवी आत आली पाहिजे, किंवा जंतू मेले पाहिजेत. उघड्या उन्हात हे जंतू फार काळ टिकत नाहीत. म्हणजे वारा आणि ऊन, आणि गोवंडीच्या तीन मीटरच्या फटीत नेमकं हेच दोन्ही नाही.

पेरूची राजधानी लिमा इथे एका संशोधक गटानं २००७ मध्ये रुग्णालयांमधली हवा किती वेळा बदलते हे मोजलं. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि भल्यामोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांमध्ये दारं-खिडक्या उघडी ठेवल्यावर तासाला सुमारे चाळीस वेळा हवा बदलत होती. नव्या पद्धतीच्या, बुटक्या छताच्या वॉर्डांमध्ये खिडक्या उघडूनही सतरा वेळा. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांमध्ये लागण होण्याचा अंदाजित धोका सर्वांत जास्त निघाला. आपल्याकडचे जुने सरकारी दवाखाने आठवा. त्यांच्या उंच छताला आणि लांब व्हरांड्याला आपण आज वाया गेलेली जागा समजतो.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत राहत्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतकी खिडकी हवी असं म्हटलेलं आहे. गोवंडीतल्या खिडक्या या मापात कदाचित बसतीलही. पण नियम भोकाचं माप घेतो, भोकाच्या पलीकडे काय आहे ते पाहत नाही. पलीकडे सांडपाण्याचे गळके पाइप आहेत, वरून पडलेला कचरा आहे, डास आहेत, घाण वास आहे, आणि हाताच्या अंतरावर समोरच्या बाईचं स्वयंपाकघर आहे. मग खिडकी बंद होते. तिच्यावर प्लॅस्टिक ठोकलं जातं, किंवा तिच्यासमोर कपाट येतं, कारण २२५ चौरस फुटांत कपाट ठेवायला दुसरी भिंत नसते. ट्यूबलाइट दिवसभर जळते. ओले कपडे आतच वाळतात, भिंतीला ओल धरते, पावसाळ्यात कोपऱ्यांत काळी बुरशी चढते आणि लहान पोराला धाप लागते. अशा घराला जाऊन ‘खिडक्या उघड्या ठेवा’ असं सांगणाऱ्या आरोग्यसेविकेच्या संयमाचं मला कौतुक वाटतं.

याच बंद खोलीत ओटा असतो. चुलीच्या धुराची गोष्ट आता आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रं लावून तो धूर मोजला आणि पुढची चार दशकं तो विषय सोडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २०२० मध्ये घरगुती धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर दहा कोटींहून अधिक घरांत गेले ते बरंच झालं. सिलिंडर पुन्हा भरायचा खर्च हा वेगळा विषय. पण गॅस आला की हवा शुद्ध झाली असं नाही. तळणीचा, फोडणीचा धूर असतोच, गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. डास म्हणून रात्री कॉइल लागते. एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की, कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांतही सीओपीडी हा दमकोंडीचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ही माणसं कोण? मुख्यतः दिवसभर घरात असणाऱ्या बायका. नकाशा मंजूर करणाऱ्यांत त्या कितीशा असतात?

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, हा गरिबांचा प्रश्न आहे. तसं नाही. गोवंडीत जे नाइलाजानं घडतं ते कोथरूडमध्ये आणि ठाण्यात आपण पैसे मोजून घडवतो. बाल्कनी खोलीत घेतो, खिडकीला सरकत्या काचा लावून फटी बुजवतो, आणि स्प्लिट एसी बसवतो. एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो असा पुष्कळांचा समज आहे. घरातला स्प्लिट एसी तसं काही करत नाही. तो आतलीच हवा गार करून परत फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दहा बाय बाराच्या घट्ट बंद खोलीत दोन माणसं झोपली, तर ते प्रमाण तासाला काही शे पीपीएमनं वाढत जातं, आणि पहाटेपर्यंत दोन हजारांच्या पुढे जाणं सहज शक्य असतं. हा वायू या प्रमाणात विषारी नाही. मात्र एकमेकांची उच्छ्वसित हवा आपण किती घेतो आहोत याची ती खूण आहे. म्युनिकच्या पेटनकोफर यांनी हजार पीपीएमची मर्यादा सुचवली ती १८५८ मध्ये. तेव्हा एसी नव्हता, पण गच्च भरलेले वर्ग होते. या वाढलेल्या प्रमाणानं विचारशक्ती मंदावते का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. काही अभ्यासांत फरक मोठा दिसला, काहींत दिसला नाही. ऐंशी मुलांच्या वातानुकूलित वर्गात एकाला फ्लू झाला की आठवड्यात निम्मा वर्ग का झोपतो, याबद्दल मात्र मतभेदाचं कारण नाही.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचं मी वेगळं सांगत नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे त्यामुळे गुदमरून मेल्याची बातमी येते, आणि आपण ती अपघाताच्या रकान्यात वाचून पान उलटतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे? गोवंडीला लागून देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे. मुंबईत हिवाळ्यात धुरकं उतरतं, जिकडेतिकडे बांधकामांची धूळ आहे. मग खिडकी उघडून काय आत घ्यायचं? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं सोपं उत्तर नाही. हमरस्त्याला लागून घर असेल तर गर्दीच्या वेळी खिडकी बंद ठेवणंच शहाणपणाचं. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. धूळ आणि धुराचे कण गाळता येतात. दमट, शिळी हवा मात्र मुख्यतः बदलावीच लागते. एअर प्युरिफायर कण पकडतो. कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, ओल घालवत नाही. शिवाय प्युरिफायर हा बाटलीबंद पाण्यासारखा उपाय आहे : ज्याला परवडतं तो स्वतःपुरता सुटतो आणि नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल भांडणारा एक माणूस कमी होतो.

बाहेरच्या हवेसाठी निदान कायदा आहे. हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, राष्ट्रीय मानकं २००९ ची, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ चा. चौकाचौकांत आकडे दाखवणारे फलक लागले आहेत. घरातल्या, शाळेतल्या, कचेरीतल्या हवेसाठी असं सक्तीचं मानक नाही, आणि माणूस दिवसाचा मोठा हिस्सा छपराखालीच काढतो. राष्ट्रीय इमारत संहिता आहे, पण ती मार्गदर्शक. खरं राज्य चालतं ते स्थानिक नियमावलीचं.

आणि त्या नियमावलीत हवेचं काय झालं आहे ते पाहण्यासारखं आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात हेक्टरी किमान ५०० घरं बसवली पाहिजेत अशी अट होती. नव्या नियमावलीत ती ६५० झाली. कमाल नव्हे, किमान. दाटीची खालची मर्यादा ठरवून देणारा नियम करायला एक विशेष प्रतिभा लागते. वर मोकळ्या जागेच्या अटींत सवलत. हे फक्त गरिबांच्या इमारतींपुरतंही नाही. मुंबईत एखाद्या इमारतीभोवती नियमाइतकी मोकळी जागा सोडता आली नाही, तर बिल्डरला ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’चा प्रीमियम भरून ती तूट माफ करून घेता येते. जो उजेड आणि वारा पुढे कुणाच्या तरी मुलाला मिळणार नाही, त्याची किंमत पालिकेच्या तिजोरीत आधीच जमा झालेली असते. २०२१ मध्ये बांधकाम व्यवसायाला चालना म्हणून राज्य सरकारनं वर्षभरासाठी प्रीमियमांमध्ये निम्मी सूट दिली होती. माझ्या मते हा प्रीमियम कमी-जास्त करण्याचा प्रश्नच नाही. राहत्या खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेची तूट पैसे घेऊन माफ करणं सरसकट बंद झालं पाहिजे. अग्निशमनाच्या जिन्याची रुंदी आपण पैसे घेऊन कमी करू देत नाही. मग श्वासाची का?

मुंबईत दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक क्षयरुग्णांची नोंद होते. क्षयमुक्तीसाठी देशानं ठरवलेलं २०२५ हे वर्ष आलं आणि गेलं. रुग्णाला पोषणासाठी महिना पाचशेऐवजी हजार रुपये मिळू लागले, तपासण्या वाढल्या, औषधं सुधारली; हे सगळं हवंच. पण एक खातं गोळ्या वाटतं आणि दुसरं खातं तीन मीटरच्या फटी मंजूर करतं, तोवर पहिल्याचं काम संपणार नाही. करायला हवं ते फारसं अवघड नाही. नकाशा मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावर, विशेषतः खालच्या तीन मजल्यांवर, ऊन किती तास येईल आणि वारा कसा फिरेल याची संगणकावर चाचणी सक्तीची करावी. आयआयटीच्या संशोधकांनी गोवंडीत नेमकं हेच करून दाखवलं आहे, आणि हे इमारत उभी राहण्याआधी केलं तर खर्च नगण्य आहे. उभ्या असलेल्या वसाहतींमध्ये मधल्या फटी साफ ठेवायची जबाबदारी पालिकेनं घ्यावी, जिने आणि बोळांच्या टोकाच्या भिंती फोडून जाळ्या बसवाव्यात, गच्चीवर चालणारे एग्झॉस्ट बसवावेत.

आणि वाचकहो, एक काम तुमच्याआमच्यासाठीही आहे. पुण्या-मुंबईतल्या शेकडो जुन्या सोसायट्या सध्या पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. सभांमध्ये चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, कॉर्पसची, भाड्याची आणि पार्किंगची. पुढच्या सभेत बिल्डरचा माणूस रंगीत चित्रं दाखवायला लागला की त्याला थांबवा, नकाशा मागवून घ्या आणि विचारा : माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटरवर आहे, आणि ती किती उंच आहे? उत्तर उंचीच्या निम्म्याहून कमी आलं, तर सही करू नका.